देव समोरच्या खोलीत गेले

आज सकाळी पूजा आटोपून, तुम्ही मंडळींनी गटावर पाठवलेले नव्या स्वयंपाकघरांचे फोटो मी बायकोला दाखवायला बसलो. सुनंदा पोळ्या लाटत होती. काळा ग्रॅनाईटचा ओटा, भिंतीतली कपाटं, सगळं तिनं मन लावून पाहिलं.

"चांगले हायेत. पण या सगळ्याइले खिडकी हाय."

"मंग आपणही काढू."

"कुठं काढता? बाहेरची भिंत एकच, अन् तिथं तुमचा देव बसून राह्यला!"

ते देवघर माझ्या वडिलांनी बसवलेलं. लग्न होऊन आल्यापासून ती भरदुपारीही बल्ब लावून रांधते, फोडणीच्या ठसक्यानं खोकते, पण देवाच्या जागेबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिच्या त्या सांभाळून घेण्याला आज मनोमन हात जोडले.

माझा चेहरा पाहून ती घाबरली. "अवो, मी गमतीनं म्हटलं. देवाले नका हलवू."

"देव काय गाव सोडून चालला? समोरच्या खोलीत तर नेतो."

फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांचे आभार. तुमच्यापैकी कोणी देवघर हलवलं आहे का? तेव्हा मनात काय आलं होतं?

आम्ही दुपारी समोरच्या खोलीत पाटावर तांदूळ पसरून देव मांडले, नारळ फोडला. मग मिस्त्री आला. खिडकीसाठी भिंतीवर पहिला हातोडा मात्र मीच मारला.