लुगड्याची घडी

दशरथ बोरिवलीच्या एका मोठ्या दुकानाच्या दारावर असतो. गिऱ्हाइकाचं बिल बघायचं, पिशवी उघडायची, आतल्या वस्तू नजरेनं ताडायच्या आणि शिक्का मारायचा. एकोणीस वर्षं हेच काम केल्यामुळे, घरी कोणी भाजीची पिशवी घेऊन आलं तरी तो आधी पिशवीत बघतो, मग माणसाकडे. मी धाकू. त्याच्याच गावचा, दहिसरला त्याच्या शेजारच्या खोलीत राहतो आणि बावीस वर्षं त्याच्या मागे ढोलकी वाजवतो.

कारण रविवारी दशरथ शाहीर असतो. आम्हा कोकणवाल्यांचा शक्ती-तुरा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीनं गाण्यातून टोमणा मारायचा, दुसरीनं गाण्यातूनच तो फेडायचा. आम्ही तुरेवाले. जोगेश्वरीचा खंडू शक्तीवाला, आमचा जुना वैरी. स्टेजवर वैरी, खाली उतरल्यावर चहा एकत्र.

गेल्या डिसेंबरात मुलुंडच्या हॉलमध्ये खंडूनं गाता गाता दशरथकडे बोट केलं:

मायची राख निवली नाही, तोच वाजली कडी,
राखणदारा, तूच मोडलीस तिच्या लुगड्याची घडी.

पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. दशरथ पांढराफटक पडला.

सात वर्षांपूर्वी त्याची आई गावाला वारली. अग्नी देऊन आल्या आल्या, ओल्या अंगानं, यानं आईची पत्र्याची पेटी उघडली. धाकट्या भावानं, गंगारामनं, आईच्या पाटल्या लांबवल्या असतील असा याला संशय. लुगडी उपसताना मी दारातून बघितलं, त्याच्या बायकोनं, नलिनीवहिनीनं बघितलं आणि शेवटी गंगारामनंही बघितलं. तो दारातूनच मागे फिरला. त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. पाटल्या मिळाल्या की नाही, हे दशरथनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

मुलुंडहून परतताना त्यानं मला एकच विचारलं, "खंडूला कधी भेटलास?"

"स्टेजवर. तुझ्याबरोबर," मी म्हटलं.

मग त्यानं सापळा लावला. मला म्हणाला, "डायबेटीस निघालाय, कोणाला बोलू नकोस." वहिनीला म्हणाला, "दुकानातून काढणार आहेत, तोंड मिटून बस." दोन्ही थापा. यातली जी थाप खंडूच्या गाण्यात येईल, त्यावरून फितूर कोण ते कळणार होतं. मी महिनाभर त्याच्या चहात साखर घालू दिली नाही. वहिनी बिचारी देवाला नारळ बोलली.

बोरिवलीच्या सामन्यात खंडूनं दोन्ही थापांना हात लावला नाही. गायला ते वेगळंच. सोनं पेटीतच होतं म्हणे, कोपऱ्यात, फडक्यात बांधलेलं.

विंगेत दशरथनं माझी कॉलर धरली. "हे मी नलिनीलासुद्धा बोललेलो नाही! तू त्या दिवशी वाकून बघितलंस. तूच विकलास मला."

"मला आत्ता कळतंय रे, पाटल्या होत्या म्हणून!"

"ढोलकी ठेव आणि नीघ."

बावीस वर्षं. मला राग आला आणि, खोटं कशाला बोलू, रडूही आलं. ढोलकी वाजवणारे छप्पन्न मिळतील त्याला, पण मला दुसरा दशरथ कुठून मिळणार होता? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हाताला धरून जोगेश्वरीला नेला. म्हटलं, खंडूच्या तोंडून ऐक, मग घाल मला वाळीत.

खंडू गंजीफ्रॉकवर दाढी करत होता. त्यानं सगळं ऐकलं, तोंड पुसलं आणि माळ्यावरून एक जाड वही काढली. "समोरच्याची गाणी लिहून घ्यायची, माझी सवय. मोबाइलवर घेतो, घरी उतरवतो. ही सगळी तुझी आहेत. वाच."

दशरथनं वही धरली. खंडूच त्याच्या खांद्यावरून बोट फिरवत गेला. "हे बघ, सुरुवातीला तुझ्या गाण्यात चोर धाकटा भाऊ. दर वर्षी तोच. मग सात वर्षांपूर्वीपासून भाऊ गायब. एक राजा येतो, एक राखणदार येतो, एक पेटी येते, आणि चोर सापडतच नाही. ही तीन वर्षांमागची ओळ वाच."

दशरथनं वाचली. आवाज बारीक झाला होता.

सोनं फडक्यात कोपऱ्यात होतं, राखणदारानं पाहिलं,
चोर शोधत फिरला तो, घर मागेच राहिलं.

"मायची राख आणि लुगड्याची घडी तर तुझ्या पाच गाण्यांत आहेत," खंडू म्हणाला. "मला वाटलं, तू मुद्दामच गातोयस. मन मोकळं करतोयस. तुला माहीतच नव्हतं काय रे?"

दशरथनं वही मिटली. ती ओळ माझ्यासमोर, माझ्या ढोलकीवर गायली गेली होती. मी ताल सांभाळला होता, शब्द एकदाही ऐकला नव्हता. खंडूनं वैरी असून ऐकला. माझी मलाच लाज वाटली.

खालच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. दशरथनं चहात साखर जास्त घालायला सांगितली आणि माझ्याकडे बघितलं नाही. ग्लास रिकामा करून म्हणाला, "गंगारामचा नंबर मी पुसून टाकलाय."

मी माझा फोन काढून नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती. दशरथची नजर माझ्या फोनवरून माझ्यावर आली, तीच, दुकानाच्या दारावरची. "याचा नंबर तुझ्याकडे कसा?" हे त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं.

त्यानं ते गिळलं. मग फोन कानाला लावून म्हणाला, "गंग्या, मी दादा. पाटल्या पेटीतच होत्या रे."