ड्रॅगनच्या डाव्या बाजूने

या सदरात लिहिणारा प्रत्येकजण आधी शपथेवर सांगतो, की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं प्रकरण जरा पुढचं आहे. मी गावच्या जत्रेतल्या नाटकांत सात वेळा भूत झालोय. भूत कसं तयार होतं ते मला आतून ठाऊक आहे — पांढरं धोतर, डबाभर पावडर आणि विंगेत हिरवा जिलेटीन कागद धरून बसलेला एक माणूस. त्यामुळे कुणी "मला दिसलं" म्हणालं, की मी आधी विचारायचो, लाइट कुठल्या बाजूने होता?

तर मला काही दिसलं नाही. ऐकू आलं. तेही सकाळी अकरा वाजता, दोनेकशे माणसांसमोर, तोंडावर जांभळी दाढी असताना...

ठिकाण सांगतो. गोव्यात, पेडणे तालुक्यातलं धारगळ. हायवेवरून आत वळलं, की काजूंमधून एक तांबडा रस्ता वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर जातो. तिथे एक पार्क उभं राहत होतं. मोपाच्या विमानतळाचं काम चालू होतं, आणि आता पर्यटक थेट आपल्या अंगणातच उतरणार असं आमच्याकडे जो तो म्हणत होता. आमच्या शेठनाही — नाव नको, माणूस चांगला — तसंच वाटलं. ते परदेशात जाऊन आले होते. तिथे म्हणे जादूच्या सिनेमातला अख्खा किल्ला बांधलाय, आणि चांगली नोकरी-धंद्यातली माणसं झगे घालून दोन-दोन तास रांगेत उभी राहतात. शेठनी ठरवलं, हे धारगळला करायचं.

सिनेमावाल्यांकडून रीतसर हक्क घ्यायचे तर शेठना स्वतःची हॉटेलं विकावी लागली असती. म्हणून त्यांनी एक वकील बसवला. वकील रोज येऊन काहीतरी खोडून जायचा. पांढऱ्या दाढीचा जादूगार दिसला तर नोटीस येईल — म्हणून माझी दाढी जांभळी. झाडूवर बसलेली चेटकीण दिसली तर नोटीस येईल — म्हणून आमच्या चेटकिणी सुपावर बसून उडायच्या. गोष्टीत एक शापित अंगठी होती, तिचा पैंजण झाला. ड्रॅगन मात्र कुणा एकट्याच्या मालकीचा नसतो म्हणे. मग ड्रॅगनच मोठा घेतला.

तो केला डिचोलीच्या एका गणपती करणाऱ्या कलाकाराने. फायबरचा, दुमजली घराएवढा. पंख, शेपटी, नखं — सगळं झकास. पण डोळ्यांची आखणी त्याने हाताच्या सवयीने केली, आणि त्या ड्रॅगनच्या नजरेत अशी काही माया उतरली की कामावरच्या बायका येता-जाता त्याला हात जोडायच्या. एके दिवशी त्याच्या पंजावर जास्वंदीचं फूल सापडलं. शेठ कपाळाला हात लावून बसले. पोरं घाबरणार कशी?

आता मी. मी डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसात होतो. खाणी बंद पडल्या, मी घरी बसलो. पन्नाशीला घरी बसलेला माणूस म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. तिच्याकडे सविस्तर उत्तर आहे. अशात शेठना महाजादूगार पाहिजे होता — किल्ल्याच्या गच्चीवर उभं राहून दहा मिनिटं गडगडायचं, मग ड्रॅगन जबडा उघडणार, धूर सोडणार. रोज दोन खेळ, अकराला आणि चारला. आयुष्यभर जत्रेला राजा झालो तो हौसेने. नाटकातून पगार हे मी स्वप्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

अडचण एकच. आम्ही गावचे नट पाठांतर करत नाही. आमचं तोंड स्टेजवर असतं आणि मेंदू विंगेत — प्रॉम्प्टरच्या मांडीवर. माझा मेंदू पंचवीस वर्षं शाणूभाऊंकडे होता. शाणूभाऊ सर्वणचे, डिचोलीजवळचे. शाळेत कारकून होते, आता निवृत्त. जत्रांच्या दिवसांत कापडी पिशवीत नाटकांची पुस्तकं आणि टॉर्च घेऊन ते गावोगाव फिरायचे. तपकिरीने भरलेला आवाज. नट अडला की आधी जिभेने "च्च" करायचे, मग वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे, आणि वर सूचना — हळू, श्वास घे, तलवार उजव्या हातात.

पण आमचं बिनसलं होतं. पौषातल्या जत्रेत त्यांनी दोन पानं एकदम उलटली. माझा राजा तिसऱ्या अंकात मरायचा, तो दुसऱ्यातच मेला. मी मरून पडलो आणि राणी माझ्याशी लग्न ठरल्याचं पद गात आत आली. लोक हसून हसून मागच्या बाकांवरून खाली पडले. मेकअप पुसता पुसता मी सगळ्यांसमोर म्हणालो, की यापुढे मला प्रॉम्प्टर लागणार नाही. शाणूभाऊंनी पुस्तकं पिशवीत भरली आणि चहा न घेता निघून गेले. पाच महिने बोलणं नाही.

आणि इकडे पार्कातलं स्क्रिप्ट! मुंबईच्या कुणा जाहिरातवाल्याने लिहिलेली तीन भरगच्च पानं. सात राज्यं, चार शाप, आणि शेवटी मंत्र — "ओरंबा, झिरंबा, तिस्कुलाम दे." प्रती दोनच. एक शेठच्या कपाटात, एक माझ्याकडे. मी माझी आठ दिवस उशाखाली ठेवून झोपलो, आत शिरेल या आशेने. तालमीत चौथ्या राज्याला अडकायचो तो अडकायचोच.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक यंत्र होतं. त्यांनी बटण दाबलं आणि माझी सगळी वाक्यं मुंबईच्या एका नटाच्या आवाजात घुमली. असा आवाज, की ऐकून मला स्वतःचीच कीव आली. शेठ हळू आवाजात म्हणाले, "मोहनराव, उद्घाटनाला जमलं तर तुम्ही. नाहीतर टेप."

बायको म्हणाली, सर्वणला जा, शाणूभाऊंचे पाय धर. मी गेलो नाही. राजा होतो ना मी.

उद्घाटन मे महिन्यात, सकाळी अकराला. पंचायतीची माणसं, सुट्टीतली पोरं, दुसऱ्या रांगेत बायको — हात जोडून, डोळे मिटून. मी गच्चीवर, पाठीमागे ड्रॅगन. ड्रॅगनच्या मागे फक्त कल्लाप्पा. हा खानापूरकडचा फॅब्रिकेटर. जबड्याची मोटर आणि धुराचं मशीन त्याच्या हातात. बाकी तिथे काही नाही, थेट कड्यापर्यंत उघडा सडा.

पहिली तीन राज्यं मी दणदणीत सांगितली. आणि चौथं... गेलं. डोक्यात नुसतं ऊन. समोर शेठ, आणि शेठचा हात हळूहळू खिशातल्या टेपच्या रिमोटकडे.

"च्च."

ड्रॅगनच्या डाव्या पायामागून. आणि मग तो तपकिरीचा आवाज — "राखेच्या राज्यात, मित्रहो..."

मला आश्चर्य वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पंचवीस वर्षांची सवय; कानात पडलं की तोंडातून बाहेर. राखेचं राज्य झालं, धुक्याचं झालं, चारही शाप ओळीने. मध्येच "हात वर," मध्येच "दाढी सांभाळ" — दाढी खरंच सुटत होती. मंत्र तर त्याने मंद विद्यार्थ्याला द्यावा तसा तीन तुकडे करून दिला. मी दोन्ही हात पसरून ओरडलो, तिस्कुलाम दे!

ड्रॅगनचा जबडा उघडला नाही. मोटर घरघरली आणि थांबली. स्क्रिप्टमध्ये यापुढे काहीच नव्हतं. दोनेकशे माणसं त्या मायाळू डोळ्यांकडे बघतायत, आणि ड्रॅगन त्यांच्याकडे. तेव्हा डावीकडून शांतपणे आलं, "विचार ताका — जेवलो काय रे?"

मी वळलो, कमरेवर हात ठेवले आणि घरच्या पोराला जेवलास का विचारावं तसं ड्रॅगनला विचारलं, "जेवलो काय रे?"

सडा हसला. अख्खा सडा. आणि त्याच क्षणी जबडा खाडकन उघडून धुराचा असा एक ढेकर बाहेर आला, की पोरं उड्या मारायला लागली. शेठचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. वर येऊन म्हणाले, ते जेवणाचं वाक्य रोज ठेवा.

मी धावत ड्रॅगनच्या मागे गेलो. म्हटलं, भाऊ आले! कुणीतरी सांगितलं असणार, आले धावत. तिथे कल्लाप्पा पाना घेऊन घाम पुसत बसला होता. मी विचारलं, म्हातारा कुठे गेला?

"कुठला म्हातारा? सकाळपास्नं मीच हाय की हितं," तो म्हणाला.

मग आवाज कुणाचा होता, मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. "आवाज न्हाई बघा. पानं उलटल्यागत वाजत हुतं मधनं मधनं. वाऱ्यानं असंल."

सड्यावर त्या दिवशी पान हलत नव्हतं, आणि उलटायला तिथे एक कागद नव्हता. माझी प्रत उशाखाली, शेठची कपाटात. मी दोन्ही नंतर जाऊन बघितल्या. कॉलर माइकमधून आवाज जातो, येत नाही. पंचायतीतल्या एकाने मोबाईलवर सगळा खेळ घेतला होता. त्यात फक्त माझा आवाज आहे, आणि प्रत्येक वाक्याआधी मी डावीकडे कान तिरका करतोय — एखाद्या आज्ञाधारक शाळकरी पोरासारखा.

तोंड अर्धवट पुसून मी स्कूटर काढली. अस्नोड्यावरून सर्वणला जायला पाऊण तास लागला. शाणूभाऊंची बायको अंगणात कोकमाची सोलं उन्हात पसरत होती. मी त्यांना वयनी म्हणतो. माझ्या जांभळ्या हनुवटीकडे त्यांनी एकदा बघितलं. मग हात पुसत जवळ आल्या. भाऊ सकाळपासून बरे वाटत नाहीत, म्हणाल्या. अकराच्या सुमाराला आरामखुर्चीत बसल्या बसल्या बडबडायला लागले, डोळे मिटून, मधूनच जीभ वाजवत. दहा मिनिटांनी आपोआप गप्प झाले.

मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "तिस्कुलाम म्हळ्यार कितें रे? वखद?" त्यांना वाटलं होतं, ते औषध मागतायत. गोळ्यांचा डबा त्यांनी दोनदा पालथा घातला होता.

मी तिथेच पायरीवर बसलो.

शाणूभाऊ आत आरामखुर्चीतच होते. मी विचारलं तर म्हणाले, डोळा लागला होता, एवढंच. पार्काचं त्यांनी पेपरात वाचलं होतं, यापलीकडे काही ठाऊक नाही. मग माझी हनुवटी न्याहाळली आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःहून माझ्याशी बोलले. "जेवलो काय रे?"

आमच्याकडे हे कुणीही कुणालाही विचारतं. तरी माझ्या अंगावर काटा आला तो भात वाढून होईपर्यंत गेला नाही. माफी मागायला गेलो होतो, ती कढीबरोबर गिळली गेली. त्यांनाही बहुतेक नको होती.

मी शेठना सांगितलं, मला प्रॉम्प्टर पाहिजे. शेठना कळेना, की त्याच्याशिवाय एवढं झकास झालं तर आता कशाला. पण त्यांनी 'ध्वनी सहाय्यक' अशी एक जागा काढली. पुढच्या सोमवारी शाणूभाऊ ड्रॅगनच्या डाव्या पायामागे स्टुलावर येऊन बसले. स्क्रिप्ट हातात घेतलं, बोट ठेवून वाचत गेले, आणि शेवटच्या ओळीला चष्मा वर करून मला विचारलं, हे तिस्कुलाम कसं म्हणायचं?

आणि त्या दिवशी आमची जी धूळधाण झाली! सुपावरच्या चेटकिणी तारेवरून जायला लागल्या, आणि भाऊ माझं वाक्य विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. मी चौथ्या राज्यात उभा, आणि विंगेतून नुसतं खी-खी. दुसऱ्या दिवशी तेच. शेठ टेपवरची धूळ झटकायला लागले. तिसऱ्या दिवशी भाऊंचा गुडघा धरला, ते सर्वणलाच राहिले. मी देवाचं नाव घेऊन एकटा गच्चीवर गेलो, अडकलो, आणि डावीकडून आलं — "च्च." अक्षर न चुकता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तेव्हापासून हे असंच आहे. भाऊ स्टुलावर असले की निम्मी वाक्यं पडतात. ते घरी असले की एक काना-मात्रा चुकत नाही. वयनी सांगतात, त्या दिवशी त्यांचा डोळा अकराला लागतो आणि पुन्हा चारला.

तुम्ही म्हणाल, माझंच मन. असेल. मग कल्लाप्पाने ऐकलेली पानं कुणाची? वयनींना तो मंत्र कुणी सांगितला? माझ्या एका मित्राने दोन तास घेऊन मला सगळं शास्त्रीय समजावलं. त्याला म्हटलं, ये, बस स्टुलावर. तो काही आला नाही. खरं सांगायचं तर उत्तर शोधायची मला भीती वाटते. हे सगळं मी शाणूभाऊंना एका शब्दाने बोललेलो नाही. ज्या माणसाने पंचवीस वर्षं मला वाक्यं दिली, त्याला कसं सांगू, की तुम्ही नसताना तुम्ही जास्त चांगले?

मग एक मंत्री पार्क बघायला येणार असं ठरलं. शेठनी टेप पुन्हा टेबलावर काढून ठेवली. माझ्याकडे बघून ठेवली. आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखं भाऊंना स्कूटरवरून सर्वणला सोडलं. ते उतरले, पिशवी खांद्याला लावली, फाटकाची कडी काढली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाल्यां मंत्री येतलो न्हय? मग हांव येऊं, काय घरा रावूं?"

मी स्कूटरचा आरसा सरळ केला. म्हटलं, उद्या घरीच राहा, भाऊ.

त्यांना काही लागल्यासारखं दिसलं नाही. "वेळ?"

"अकरा."

"बरें," ते म्हणाले, आणि आत गेले.