काळ्या फ्रॉकचं अस्तर

अनगोळमधल्या आमच्या गल्लीतल्या आक्का माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी त्याच्या कपड्याची उलटी बाजू. लग्नात नवरीला आशीर्वाद देता देता त्यांचा दुसरा हात तिच्या पदराचं टोक हळूच उलटं करायचा. मागं धाग्यांचा गुंता दिसला की त्या मान हलवायच्या, आणि ती मान नवरीच्या आईला दिसेल इतपत हलायची. एकदा एका विहिणीनं हे फार मनाला लावून घेतलं. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मी पोरीला नाव ठेवलं न्हाय, टाक्याला ठेवलं," आणि वाढप्याकडून आणखी थोडा मठ्ठा मागून घेतला.

त्यांचं माहेर घाटातल्या रानातल्या कणकुंबीचं. लग्न होऊन बेळगावात आल्यावर धारवाडकडच्या एका शेजारणीनं त्यांना कसुती शिकवली. कसुतीच्या भरतकामात गाठ घालायची नसते आणि काम दोन्ही बाजूंनी सारखंच दिसावं लागतं. बाकीच्या बायका त्यात गोपुरं, हत्ती, तुळशीवृंदावनं काढायच्या. आक्कांनी आपलं रान आणलं: करवंदाची जाळी, फांदीवरून उडी घेणारं शेकरू, शेपूट उडवणारी बारकी पाखरं. हत्ती का काढत नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "हत्ती मी कुठं बघितलाय? शेकरू बघितलंय. आमच्या परसातला फणस खाऊन जायचं मेलं."

मला त्यांनी भरतकाम शिकवलं असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे उसवायला शिकवलं. मी महिनाभर खपून एक पान भरावं आणि त्यांनी चष्मा वर करून म्हणावं, "सोड सगळं." एकदा मी रडले, तर समोर चहा आणून ठेवला आणि रडून होईपर्यंत थांबल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "रडून झालं न्हवं? आता सोड." बाजारात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची दुकानं निघाली तेव्हा गल्लीत सगळ्यात जास्त राग त्यांना आला. "ते शिवत न्हाय गं, छापतंय," असं त्या दुकानाच्या दारात उभ्या राहून म्हणत, आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं.

माझ्या मुलीची पहिली संक्रांत आली. बोरन्हाणासाठी काळा फ्रॉक हवा होता. दिवाळी झाल्या झाल्या मी साधा फ्रॉक शिवून त्यांच्याकडे दिला आणि घेरावर कणकुंबीचं रान काढून द्या म्हटलं. आक्का इतक्या खुलल्या की तिथंच खडूनं शेकरू काढून दाखवलं. पण पुढे मी कधीही गेले तरी त्या फ्रॉक दाखवीनात. "हुतंय, हुतंय," एवढंच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागल्या होत्या. मला वाटलं, थंडी आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फ्रॉक हातात आला आणि मी बघतच राहिले. पांढरी करवंदाची फुलं, विटकरी शेकरू, एकासारखं एक पान. त्यांच्याच सवयीनं मी घेर उलटा केला. आतून मऊ पांढरं अस्तर होतं, कडेनं घट्ट शिवलेलं. आक्कांनी जन्मात कधी अस्तर लावलं नव्हतं. मी वर बघितलं, तर त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"लेकराला आत टोचंल, म्हणून लावलंय," मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या.

"बरं केलंत," मी म्हटलं.

बोरन्हाणाला लेक हलव्याचे दागिने घालून पाटावर बसली, आणि बायकांचं लक्ष बोरं-चुरमुऱ्यांपेक्षा फ्रॉकवर. या वयात असा हात, अशी नजर! एकीनं नातीसाठी, दुसरीनं भाचीसाठी काम सांगितलंसुद्धा. आक्का कोपऱ्यात खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांचा तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. वाण न घेताच त्या कधी उठून गेल्या ते कळलं नाही.

चार दिवसांनी त्या दारात उभ्या. "त्यो फ्रॉक घे आणि चल माझ्यासंगं." ओट्यावर बसून त्यांनी आधी कात्रीनं अस्तर उसवलं. आतून मशीनवर भरताना कापडाखाली लावतात तो कागद आणि पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसायला लागले. मग आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक दारात आक्का फ्रॉक उलटा करून धरायच्या आणि म्हणायच्या, "चित्र माझं हाय, टाकं मशीनचं हाईत. हात थरथरतोय माझा. मी खोटं बोलले." शेवटच्या शब्दाला त्यांचे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, जमीन दुभंगावी.

आणि बायका म्हणायच्या, "व्हय काय? असू दे की आक्का, छान दिसत हुतं." एक म्हणाली, एवढ्यासाठी उन्हातून कशाला आलात. जिनं नातीसाठी काम सांगितलं होतं तिनं तर विचारलं, "मग त्या मशीनवाल्याचा पत्ता द्या की." आक्कांनी दिला. कुठल्या बोळात वळायचं, कुठला जिना चढायचा, सगळं नीट सांगितलं.

परत येताना त्या देवळाच्या कट्ट्यावर बसल्या. "एकीनं तरी रागवायचं हुतं गं," म्हणाल्या. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलंतं न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून, आक्का."

त्यांनी फ्रॉकची घडी घातली. नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली. "म्हंजे तूबी मला सांभाळून घ्यायला लागलीस," त्या म्हणाल्या. मला वर बघवेना. आयुष्यभर ज्यांनी कुणाला सांभाळून घेतलं नाही आणि त्यालाच माया मानलं, त्यांची मी कीव केली होती, आणि तीही स्वतःला चांगली समजून.

उन्हाळ्यात आक्का निपाणीला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. स्टँडवर सोडायला मी गेले होते. गाडी लागली तसा मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्या हातात ती सारखी हलत होती. गाडीच्या पायऱ्या त्या एकट्याच चढल्या, आणि मी हात तसाच पुढे धरून खाली उभी होते.