शिंपीकाकांचा अंगठा

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत शिंपीकाका नजरेनंच त्याचं माप घेत. स्वतःच्या पायाखाली काय चाललंय, ते मात्र त्यांना कळलं नाही. रक्तातल्या साखरेनं तळपाय बधिर झालेले. चपलेत बटण अडकून आठवडाभर रुतत होतं. मोज्याला रक्ताचा डाग दिसला तेव्हा काकूंनीच त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवसांत जखम भरू लागली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

अंगठा उजवा, म्हणजे मशीन चालवायच्या पायाचा. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

नर्सनं जेलची गार, लिबलिबीत पट्टी लावली. "तीन दिवस हिला हात नाही, आणि मशीनला पाय नाही."

मशीनला त्यांनी पाय लावला नाही. पण ओल्या कापडावर शिवण बसत नाही, हे चाळीस वर्षांचं शहाणपण गप्प बसू देईना. काकूंचा दुपारी डोळा लागला, की काका पट्टी सोडवून पाय टेबलपंख्यापुढे धरत आणि नंतर तीच पट्टी पुन्हा चिकटवत.

तिसऱ्या दिवशी नर्सच्या हातात पट्टी आली ती पुठ्ठ्यासारखी कडक.

"काका, ही वाळली कशी?"

"हवा लागली असेल."

"मोज्यातून?"

काकू म्हणाल्या, "तरीच पंख्याचं तोंड रोज खाली असायचं. मला वाटलं, मान मोडलीय त्याची."

नर्स हसली नाही. "काका, कातडीचं उलटं असतं. ओलावा असेल तरच नवं मांस धरतं. रात्रभरात धरलेलं तुम्ही दुपारी उसवत होता."

उसवणं म्हटल्यावर काकांना पटलं.

काकूंनी पंखा माळ्यावर टाकला. दुकानातला आरसा जमिनीवर आडवा ठेवला. त्यात काका रोज तळपाय बघत, सूज नाही ना, लाली नाही ना. पट्टी मात्र नर्सच बदलायची.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी जखम न्याहाळली. "निम्म्यावर आलीय. अंगठा राहतोय."

काकांनी खिशातून टेप काढली.

"विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे हो. माझ्याच नजरेवर राहिला नाही."

जखम पुरती मिटायला आणखी दोन महिने गेले. आता काका चप्पल झटकल्याशिवाय घालत नाहीत, आणि दुकानात बटण हरवलं, की काकू आधी त्यांची चप्पल उलटी करून बघतात.