देवराईतल्या वेलीखालून

२००३ सालचा पावसाळा नुकताच सरला होता. मुळशीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि दरवर्षी मुलांना जवळच्या देवराईत, देवाच्या नावानं राखलेल्या रानात न्यायचे. "एकही मूल मागं राहता कामा नये," असं बैठकीत ठणकावून सांगणारीही मीच. पण सातवीतली एक मुलगी आधीच्या दोन्ही सहलींत गाडीतच बसून राहिली होती. पोलिओमुळे तिच्या एका पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर आणि जड बूट असायचा. मी तिच्याकडे सगळ्यांचे डबे सोपवले होते आणि वर त्याला जबाबदारीचं काम म्हटलं होतं. आठवलं की अजून माझीच मला लाज वाटते.

त्या वर्षी तिनं वर्गातच सांगितलं, "बाई, मला आत न्हेनार आसाल तर येते. गाडीत बसायचं आसंल तर पुन्यांदा कदीच येनार न्हाई."

मी जिद्दीला पेटले. खुर्चीला दोन बांबू बांधून घेतले, ती उचलायला गावातले दोन धट्टेकट्टे गडी ठरवले. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

देवराईच्या तोंडाशी गुरव उभा होता. त्यानं सगळ्यांना पायताणं काढायला लावली. पोरं आत पळाली. आमची खुर्ची मात्र दहा पावलांवर अडली. मनगटाएवढी जाड वेल वाटेवर आडवी आली होती. गड्यानं कोयत्याला हात घातला, तसा गुरव ओरडला, "हितली काडी बी तोडायची न्हाई!"

माझा पारा चढला. मी म्हणाले, "एका लेकरासाठी एक वेल तुटली तर देव काय रागावणार आहे?"

"देवाचं देवाला ठावं. म्या तोडू देनार न्हाई."

आमची चांगलीच जुंपली. गडी खुर्ची खाली ठेवून मजा बघत उभे राहिले. शेवटी गुरवच म्हणाला, "बाई, भांडताय कुनासाठी? पोरगी तर गेली की आत."

खुर्चीत नुसता बूट आणि कॅलिपर होता. ती हातांवर भार देत, बसल्या बसल्या वेलीखालून पुढं सरकली होती. "घरात मी अशीच फिरते," तिनं मागं न बघता सांगितलं. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती आणि मला हे ठाऊक नव्हतं.

पुढं ती एका झाडाच्या बुंध्याशी थांबली. पाचोळा बाजूला सारून तिनं पोरांना हाक मारली, "खाली बसा की! वरनं काय दिसनार हाय?" सगळे बसले. गुडघे धरत मीही बसले. त्या भल्यामोठ्या झाडाखाली त्याचीच दोन-दोन पानांची रोपं उगवली होती, वीस-पंचवीस तरी. दरवर्षी मी मुलांना मान वर करून झाड दाखवायचे. ही रोपं मी कधी पाहिलीच नव्हती.

बाहेर आल्यावर कॅलिपरचे पट्टे आवळत तिनं विचारलं, "बाई, मला जमनार न्हाई, हे कुनी ठरिवलं व्हतं?"

"मी," मी म्हणाले. "तुला न विचारता."

तिनं शेवटचा पट्टा ओढून बसवला. मग मी तिथंच विचारलं, "पुढच्या वेळी कुठं जायचं?"

तिनं समोरच्या डोंगराकडं बोट दाखवलं. चढ चांगलाच उभा होता. तरी मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "कसं जायचं, ते तू सांग."