उचकी थांबली ती दुपार

या ग्रुपवरचे अनुभव मी चक्कीवर बसून वाचते. दळण पडेपर्यंत दुसरं काम नसतं. खरं सांगायचं तर निम्म्या गोष्टींचं मला हसू येतं... विहिरीवरची बाई, पिंपळाखालचा म्हातारा, तेच ते. आम्ही बौद्ध. घरात फोटो दोनच, आणि त्या दोघांनीही असलं काही मानू नका म्हणूनच सांगितलंय. अंगारा-धुपारा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तरी आज लिहितेय, कारण गावात ही गोष्ट दहा तऱ्हांनी फिरतेय आणि जो तो दळणाचा डबा ठेवता ठेवता मलाच विचारतो. सांगून सांगून कंटाळा आलाय. एकदा लिहून टाकते.

आमचं गाव उंद्री, चिखली तालुका. पुढे चक्कीची खोली, मधे झोपायची, मागे स्वयंपाकघर. एवढंच घर. मागच्या दाराला माकडांपायी दिवसाही आतून कडी असते. मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात मी आणि आमचे हे, दोघंच.

गेल्या हिवाळ्यात यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, बुलडाण्याला. ऑपरेशन चांगलं झालं. घरी आणलं आणि उचकी लागली. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी हसलो नाही. जेवताना उचकी, झोपेत उचकी, बोलताना शब्द मधेच तुटायचा. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की तासभर बरं, मग पुन्हा सुरू. शेवटी डॉक्टर फोनवर म्हणाले, टाक्यांवर ताण येतोय, टाका उसवला तर पुन्हा पोट उघडावं लागेल. उद्यापर्यंत थांबली नाही तर संभाजीनगरला हलवा. यांना शुगर आहे, तरी चहातली साखर सुटलेली नाही. पुन्हा उघडलेलं पोट भरून येईल याची खात्री कुणीच देत नव्हतं.

आता उचकीवर आपल्याकडे दोन उपाय, ते सगळ्यांना माहीत. कोण आठवण काढतंय त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर माणसाला दचकवायचं. नणंदबाई फोनच्या आधीच येऊन दिवसभर नावं घेत बसल्या होत्या. जिवंत संपले, मेलेले संपले, यांच्या शाळेतले मास्तर झाले. उचकी चालूच. मग दचकवणारे आले. कुणी कानामागे कागदी पिशवी फोडली, कुणी पाठीवर गार पाणी ओतलं. शेजारच्या कमलबाई तर एकदा धावतच आत आल्या.

"अवो भाऊ, चक्कीले आग लागली ना! पट्टा जळून राह्यला!"

"लागू दे..." हे म्हणाले, आणि उचकले.

आश्चर्याचं असंच आहे हो. ते मागवून येत नाही. आता कोणीतरी दचकवणार म्हणून माणूस बसून राहिला की संपलं सगळं. हे कोणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवीनासे झाले. आणि माझं म्हणाल तर मला कित्येक वर्षांत कशाचंच आश्चर्य वाटलं नव्हतं. लाइट गेली - गेली. पट्टा तुटला - तुटला. सकाळी उठून घरातलं करायचं, चक्की लावायची, रात्री अंगावरचं पीठ झटकून आडवं व्हायचं. त्यात यांचं आजारपण. त्या दिवसांत मला रडूसुद्धा येत नव्हतं, इतकी दमले होते.

तर ती दुपार. चक्की बंद करून मी पुढचं दार आतून लावलं. म्हटलं आता कोणी दचकवायला नको नि नावं घ्यायला नको. उद्याची बॅग भरायची होती, पण यांच्या पलंगापाशी खाली बसले, कडेवर डोकं टेकलं आणि डोळा लागला.

यांनी खांदा हलवून उठवलं.

"आत कोन हाये?"

"कोनी नाही."

"मंग अद्रक कोन कुटून राह्यलं?"

मीही ऐकलं. खलबत्त्याचा आवाज. हळू, दमानं. मग पातेलं खाली ठेवल्याचा, मग पाणी. मला वाटलं कमलबाई असतील. पण त्या येणार कुठून? मी उठले. हेही पोट धरून मागे आले, नको नको म्हणत होते तरी.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागच्या दाराची कडी लागलेली. पातेलं धुऊन पालथं घातलेलं, त्यावरून पाणी निथळत होतं. ओट्यावर एक कप, वर बशी झाकलेली. बशी उचलली तर वाफ आली. चहा. नुकता गाळलेला.

"तूनंच केला असंन झोपीत," हे म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नाही. मी तुलेच पाहून राह्यलो होतो. तू जागची हालली नाही." आणि उचकले.

म्हणजे लक्षात घ्या - गावात हे सांगतात तसं नाही. बंद घरातला तो गरम चहा पाहूनही यांची उचकी थांबलेली नव्हती. चांगल्या दोन-तीन उचक्या मी तिथं मोजून ऐकल्या.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. कोणीतरी चहा करून ठेवलाय, एवढंच डोक्यात आलं. मी कप उचलला आणि ओट्याला टेकून प्यायले. अर्धा झाल्यावर हे म्हणाले, "मलेही दे एक घोट." घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"याच्यात साखर नाही व!"

"मले असाच आवडते."

"तू त रोज गोडच पेतं ना."

"पेते. आवडत नाही."

"कवापासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

हे कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ तसे उभे होते कुणास ठाऊक. मग मला जाणवलं की घरात कसलाच आवाज नाही. मी मनात म्हटलं, आता येईल... आता येईल... आली नाही. त्या संध्याकाळी नाही, रात्री नाही. सकाळी बॅग तशीच रिकामी राहिली. टाके पुढे व्यवस्थित निघाले, आता हे पुन्हा चक्कीवर बसतात.

हे सगळ्यांना सांगतात की भुताच्या चहानं उचकी गेली. साखरेचं मात्र कोणाला सांगत नाहीत. मीही त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडत नाही.

शोध घ्यायचा तेवढा घेतला. कमलबाई त्या दुपारी चिखलीच्या बाजारात होत्या. नणंदबाई म्हणतात, तुझी आई असेल. आईला मी बिनसाखरेचा पिते ते ठाऊक होतं खरं, पण ती चहाला अद्रक घालू देत नसे, पोटात जळजळतं म्हणायची. सासरी तर मी कोणाजवळ बोललेच नव्हते. सगळ्यांचं एकच पातेलं असतं, त्यात साखर पडलेली असते, एका कपासाठी दुसरं पातेलं कोण चढवतं? मी स्वतःही कधी चढवलं नाही. मुलीला माहीत नाही, यांना नव्हतं.

कारण मला सापडलं नाही आणि आता मी शोधतही नाही. त्या रात्री हे शांत झोपले तेव्हा मी ओट्यापाशी जाऊन पोटभर रडले. घाबरून नाही. कोणी का असेना, त्याला माझा चहा माहीत होता.