ओट्याचा वैरी

बगीच्यातल्या ओट्याचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं आमच्या गावात विचारलं, तर शेंबडं पोरही बगीच्याच्या माळ्याकडे, सहदेवकडे, बोट दाखवील.

ओटा म्हणजे गावाचा खुला रंगमंच. दगडी चौथरा, मागं भिंत, बाजूला कपडे बदलायची खोली आणि वर उघडं आभाळ. नगरपालिकेनं जागा दिली आणि गावानं वर्गणी काढून तो बांधला. गणपतीत तिथं नाटकं व्हायची, उरुसात कव्वाली, निवडणुकीत भाषणं. पिंपळगाव राजा या शेजारच्या गावाहूनही माणसं टेम्पो भरभरून यायची आणि बसायची कुठं, तर सहदेवच्या लॉनवर! सकाळी पाहावं तर लॉनचा पार चोथा झालेला, वर शेंगांच्या टरफलांचा सडा. सहदेवच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर भर तालमीत त्यानं पाण्याचा पाइप सरळ ओट्यावर सोडला. राजाच्या वेशातले गिरणीवाले गुलाबराव मिशीसकट भिजले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

पुढं नाटकंच बंद पडली. मंडळांना डीजे सापडला, उरलंसुरलं कोरोनानं उरकलं. सहदेवचं लॉन असं माजलं की डोळ्यांचं पारणं फिटावं. पण पाहायला होतं कोण? लोक कानात वायरी खुपसून कडेकडेनं गरगर फिरायचे आणि घरी जायचे. ज्याच्यावर ओरडावं असं माणूसच उरलं नाही. त्या हिरव्यागार बगीच्यात सहदेवला फार एकटं वाटायला लागलं.

यंदा थंडीत नगरपालिकेचे नवे साहेब बगीचा पाहायला आले. म्हणाले, "हा चौथरा पाडून कारंजं बसवू. तुमचं लॉनही वाढेल. की इथं अजूनही काही कार्यक्रम होतो?"

"होते ना साहेब. दर रविवारी नाटक होते."

आपण काय बोलून गेलो, ते सहदेवला मागाहून कळलं. पण साहेब खूश झाले. "मग येत्या रविवारी येतो बघायला. नाटक होत असेल, तर राहू द्या चौथरा."

त्याच संध्याकाळी सहदेव गुलाबरावांच्या पिठाच्या गिरणीसमोर जाऊन उभा राहिला. गुलाबरावांनी मानही वर केली नाही.

"डबा ठेव अन् जा."

"दळण नाही आणलं. नाटक पाह्यजे, गुलाबराव. रविवारी."

सगळं ऐकल्यावर गुलाबराव इतके हसले की भुवयांवरचं पीठ खाली सांडलं. "आमाले हाकलता हाकलता तुह्ये केस पिकले, अन् आता हात जोडून राह्यला? लोक बसतीन कुठं बे?"

सहदेव पुटपुटला, "लॉनवर."

तेव्हा कुठं गुलाबरावांनी गिरणी बंद केली. जुनी मंडळी गोळा झाली, लाउडस्पीकरवाल्या फारुखभाईंनी आपला माइक घरच्या माळ्यावरून काढला. रविवारी नाटक कसं झालं ते विचारू नका. गुलाबराव दुसऱ्या अंकातलं पहिल्या अंकात बोलले. लोक पोट धरधरून हसले, पण उठलं कोणी नाही. साहेब मात्र आलेच नाहीत.

"काम निघालं असन," सहदेव म्हणाला. "पुढच्या रविवारी येतीन."

पुढच्या रविवारीही साहेब आले नाहीत. त्यांची बदली झाली होती आणि कारंजंही त्यांच्याबरोबर गेलं होतं. सहदेवला हे ऑफिसात कळलं. पण त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. आता सांगितलं तर मंडळी आपापल्या घरी जातील, ही धास्ती. दर आठवड्याला तो घरोघर जाऊन बजावायचा, "साहेबाचा नेम नाही. कधीही येतीन." मंडळी यायची. कधी नाटक, कधी कव्वाली. टरफलं पुन्हा पडायला लागली, सहदेव पुन्हा ओरडायला लागला. जन्मात एवढा सुखी तो कधी झाला नव्हता.

एका रविवारी फारुखभाई तापानं फणफणत आले. आठवणीनं माइक लावून दिला आणि भिंतीला टेकून बसले. ते पाहून सहदेवचं काळीज हाललं. आता सारं संपलं तरी चालेल, असं म्हणत तो कपड्यांच्या खोलीत गेला.

"गुलाबराव, साहेब येणार नाहीत. बदली झाली त्यांची. कवाचीच."

गुलाबराव फेटा बांधत होते. "माहीत आहे."

"फारुखभाईले?"

"त्यानंच सांगतलं आमाले."

सहदेवला तोंड कुठं लपवावं कळेना. "मंग तुमी येता काऊन?"

"तो साहेब आला असता, तं एका रविवारात खेळ आटपून घरी बसलो असतो आमी," गुलाबराव म्हणाले. "नाही आला म्हणून वाचलो. सरक आता, माही एंट्री आहे."